बीएमटीच्या खोलीत लेकरासोबत: आई-बाबांनी काय बघायचं, काय करायचं, काय टाळायचं

थॅलेसेमिया मेजर (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा जन्मजात आजार) असलेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्यातून कायमचं सुटायचं तर बोन मॅरो (हाडातला रक्त बनवणारा मगज) ट्रान्सप्लांट, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं बीएमटी, हा मार्ग आहे. सख्ख्या भावंडाचं एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. ते जुळलं, तारीख मिळाली, पैशांची सोय झाली, इथून पुढचा हा लेख आहे. खोलीत शिरल्यापासून डिस्चार्जपर्यंतचे चार ते सहा आठवडे आणि त्यानंतरचा शंभराव्या दिवसापर्यंतचा काळ.

डॉक्टर दिवसातून दोनदा राउंडला येतात, सिस्टर दर काही तासांनी येते. चोवीस तास खोलीत असता ते तुम्ही. रात्री तीन वाजता मूल कण्हलं, लघवीचा रंग बदलला, कानामागे लाली आली, हे सगळ्यांत आधी तुम्हालाच दिसतं. तुमचं काम एवढंच: बघायचं, लिहायचं आणि वेळेत सांगायचं. "उगाच कशाला त्रास द्यायचा" म्हणून गप्प बसलेल्या आई-बाबांमुळे उपचाराला उशीर होतो. बीएमटी वॉर्डातल्या सिस्टरला दहादा बेल वाजवली म्हणून राग येत नाही, येऊही नये.

प्रत्येक युनिटचे नियम थोडेफार वेगळे असतात. इथे लिहिलेलं आणि तुमच्या युनिटने सांगितलेलं यात फरक पडला, तर युनिटचंच ऐका.

आत जाण्याआधी

बहुतेक ठिकाणी खोलीत एकच माणूस राहू शकतो. दोघांनी पाळी लावायची असेल तर ती आधीच ठरवा आणि वॉर्डाची परवानगी घ्या. सहा आठवडे एकट्या आईने आत काढायचे आणि बाबांनी बाहेर रक्त, बिलं, डबे बघायचे, अशी वाटणी आपल्याकडे आपोआप होते. ती जमेल तितकी मोडा. न झोपलेल्या माणसाच्या हातून औषधाची वेळ चुकते. बदली होताना येणाऱ्याने आंघोळ करून, धुतलेले कपडे घालूनच आत यायचं. साधी सर्दी, घसादुखी, जुलाब, ओठावर उठलेला जर (बारीक फोड), यातलं काहीही असेल तर आत जायचं नाही, मग पोर कितीही रडलं तरी. म्हणूनच दुसरा माणूस तयार लागतो.

मुलाचे दात आधी तपासून घ्या. किडलेला दात काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) पडल्यावर ठणकायला लागला तर तो काढताही येत नाही. डोक्यात उवा असतील तर आधीच उपचार करा. केस मशीनने बारीक करून घ्या, वस्तरा लावू नका, बारीकशी जखमही नको. केमो सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत केस गळतातच, आणि उशीवर पडलेले लांब केस बघून मुलं जास्त घाबरतात.

सामानात पुढून उघडणारे सुती कपडे घ्या, छातीतली किंवा दंडातली लाइन (औषध-रक्तासाठी शिरेत घातलेली नळी) त्यातून नीट निघते. निदान आठ जोड लागतात. खेळणी धुता-पुसता येतील अशी प्लास्टिकची, पुस्तकं आणि रंग नवे कोरे. केसाळ टेडी नको. मोबाइल, चार्जर, चष्मा रोज स्पिरिटच्या कापसाने पुसायचे. हातातल्या अंगठ्या, घड्याळ, बांगड्या, मनगटावरचे दोरे काढून ठेवावे लागतात, कारण त्यांच्या खाली साबण पोचत नाही. हिरव्या बांगड्या उतरवताना आईच्या जिवाला काय होतं, ते वॉर्डातल्या सगळ्यांना कळतं. पण इथे सूट नाही. अंगारा, तीर्थ, तुळस, फुलं, प्रसाद आत येत नाही. फुलात, मातीत, राखेत बुरशीचे बीजाणू असतात, आणि पांढऱ्या पेशी शून्यावर असताना फुप्फुसात गेलेली बुरशी जिवावर बेतते. देवाचा फोटो लॅमिनेट करून आणा, रोज पुसता येतो. आरती घरी होऊ द्या, व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना दिसते.

हात धुण्याचं तंत्र पहिल्याच दिवशी सिस्टरसमोर करून दाखवा. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, हॅन्डरबने २० ते ३० सेकंद. अंगठा, बोटांची टोकं आणि बोटांच्या बेचक्या हमखास राहून जातात. जुलाब असताना नुसता हॅन्डरब पुरत नाही, साबणच लागतो.

उणे दिवस: केमोचा आठवडा

डोनरच्या पेशी ज्या दिवशी चढवतात तो 'डे झिरो'. त्याआधीचे दिवस उणे मोजतात. या काळात जुना मॅरो रिकामा करायला औषधं देतात. त्यांची नावं विचारून वहीत लिहा, कारण प्रत्येकाची काळजी वेगळी.

थायोटेपा असेल तर आई-बाबांचं काम सगळ्यांत जास्त. हे औषध घामातून बाहेर पडतं आणि कातडीवर साचलं की ती भाजल्यासारखी होते. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा, बऱ्याच ठिकाणी दर सहा तासांनी, म्हणजे रात्रीसुद्धा उठवून आंघोळ घालायची.

१. लाइनवर युनिटने सांगितलेलं आवरण नीट बसलंय का ते बघा.
२. कोमट पाणी, सौम्य साबण. गळ्याच्या वळ्या, काखा, जांघा, कोपराची आतली बाजू, गुडघ्यामागे आणि कमरेच्या इलॅस्टिकखाली घाम साचतो. तिथे हात फिरवून धुवा, घासू नका.
३. टॉवेलने टिपून कोरडं करा.
४. प्रत्येक आंघोळीनंतर कपडे आणि चादर दोन्ही बदला. डायपर असेल तर वारंवार बदला.
५. तेल, क्रीम, पावडर, व्हॅसलिन काहीही लावू नका. त्याखाली औषध अडकून बसतं. खोबरेल तेलाचा मोह इथेच सगळ्यांना होतो, आणि नेमकं तेच नुकसान करतं.
६. आंघोळ घालताना, कपडे उचलताना हातमोजे घाला. आई गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करायचं.

शेवटच्या डोसनंतर एक-दोन दिवस, युनिट सांगेल तोवर, हे चालू ठेवायचं. एवढं करूनही काखा-जांघांची कातडी काळी पडू शकते आणि मग सोलते. बहुतेकदा खालून नवी, स्वच्छ कातडी येते. ओली जखम झाली, फोड आले, तर मात्र लगेच दाखवा.

सायक्लोफॉस्फामाइड असेल तर मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला इजा होऊ शकते. म्हणून भरपूर सलाईन चालू असतं आणि मुलाला दर दोन तासांनी लघवीला न्यायचं असतं, झोपेतून उठवूनही. लघवी गुलाबी दिसली, गाठी दिसल्या, जळजळ झाली, तर ती लघवी टाकू नका, भांड्यात तशीच ठेवून सिस्टरला दाखवा. बुसल्फानसोबत फिट येऊ नये म्हणून औषध देतात, त्याचा एकही डोस चुकवायचा नाही. एटीजी (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असताना थंडी वाजून ताप येणं नेहमीचं आहे, पण श्वास लागला, चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या तर त्या क्षणी बेल वाजवा.

या दिवसांत आणि नंतर दोन दिवस लघवी, शी, उलटी हाताळताना हातमोजे हवेतच. संडासाचं झाकण लावून दोनदा फ्लश करा.

डे झिरो

मोठं ऑपरेशन असेल अशी घरच्यांची कल्पना असते. प्रत्यक्षात भावाच्या किंवा बहिणीच्या कमरेच्या हाडातून काढलेला मॅरो पिशवीतून येतो आणि रक्त चढवतात तसाच लाइनमधून जातो. काही तासांत संपतं. थंडी वाजणं, पित्त उठणं, पाठ दुखणं, श्वास लागणं यावर लक्ष ठेवा.

त्या दिवशी दुसऱ्या मुलाकडेही कोणीतरी थांबायला हवं. डोनर भावंडाला भूल दिलेली असते, कंबर काही दिवस दुखते, त्यालाही जवळ घेऊन बसणारं माणूस लागतं. "तू तुझ्या ताईला वाचवलंस" असं सारखं म्हणू नका. उद्या काही बिघडलं तर ते पोर स्वतःला दोष देईल. "तू मदत केलीस, आता तू आराम कर" एवढं पुरे.

काउंट वाचायला शिका

यानंतर वॉर्डात एकच प्रश्न असतो: "आज काउंट किती?" रिपोर्ट हातात आला की दोन आकडे बघा, एकूण पांढऱ्या पेशी (डब्ल्यूबीसी) आणि त्यांतल्या न्यूट्रोफिलची, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशींची, टक्केवारी. डब्ल्यूबीसी ६०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के असतील तर एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलचा प्रत्यक्ष आकडा, झाला १२०. काही लॅब ६०० ऐवजी ०.६ छापतात, आधी एक हजाराने गुणून घ्या. एएनसी सलग तीन दिवस ५०० किंवा त्याहून जास्त राहिला, तर त्या तिघांतला पहिला दिवस एनग्राफ्टमेंटचा, म्हणजे नव्या पेशी रुजल्याचा, धरतात. साधारण दोन ते चार आठवडे लागतात. प्लेटलेट बहुतेकदा त्यानंतर सावरतात.

काउंट आज १८०, उद्या ९०, परवा २५० असाही जातो. काउंट वाढवायची इंजेक्शनं थांबवली की थोडा खाली येतो. शेजारच्या खोलीतल्या मुलाचा चौदाव्या दिवशी आला आणि आपल्याचा विसाव्याला नाही, म्हणून रात्र जागून काढू नका. पेशी मॅरोच्या होत्या की रक्तातून काढलेल्या, कोणती औषधं चालू आहेत, यावर ते अवलंबून असतं.

तोंड

पाचव्या-सहाव्या दिवसापासून तोंडातली साल निघू लागते. यालाच म्युकोसायटिस म्हणतात. गालाची आतली बाजू पांढरट, मग लालभडक, लाळ दोरीसारखी घट्ट, थुंकीही गिळवत नाही. सगळा काळ बघता मुलाला सर्वांत जास्त दुखतं ते इथे, आणि आई-बाबांच्या मेहनतीचा सर्वांत जास्त उपयोगही इथेच होतो.

दिवसातून चार ते सहा वेळा तोंड स्वच्छ करायचं, काही खाल्लं नसलं तरी. युनिटने दिलेलं माउथवॉश असेल तर तेच. मीठ-सोड्याचं पाणी करायला सांगितलं असेल, तर एक ग्लास म्हणजे २५० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा. रोज ताजं करायचं, उरलेलं ओतून द्यायचं. मूल चूळ भरून थुंकू शकत नसेल तर गॉज बोटाला गुंडाळून, त्या पाण्यात बुडवून हिरड्या, जिभेच्या कडा आणि गालाचे कोपरे पुसा. अगदी मऊ ब्रश चालतो, पण हिरड्यांतून रक्त येऊ लागलं की ब्रश थांबवून गॉजवर यायचं का ते विचारा. जिभेवरचा पांढरा थर खरवडू नका. तो बुरशीचाही असू शकतो, दाखवा.

दुखणं सहन करायला लावू नका. "माझा वाघ आहे ना तू" असं म्हणत मुलाला गप्प करू नका. दुखणं शून्य ते दहा आकड्यांत किंवा चेहऱ्यांच्या चित्रांवर दाखवायला शिकवा. मॉर्फिनची ड्रिप सुरू करू म्हटल्यावर अनेक घरांत व्यसनाची भीती वाटते. अशा थोड्या दिवसांच्या, डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या वापराने व्यसन लागत नाही. तोंड बरं झालं की हळूहळू कमी करत बंद करतात. दुखणं आटोक्यात असेल तर मूल तोंड उघडू देतं, औषध गिळतं, खोकून छाती मोकळी करतं. मॉर्फिन चालू असताना फार झोप, मंद श्वास, लघवी अडकणं आणि बद्धकोष्ठ याकडे लक्ष ठेवा.

लाइन

छातीतली हिकमन किंवा दंडातली पिक लाइन थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते. तिथून जंतू शिरला तर तो मिनिटांत सगळ्या अंगभर. लाइन उघडण्याआधी सिस्टर टोपण निदान १५ सेकंद घासून पुसते का, हे बघायचा तुम्हाला हक्क आहे. विसरली तर आवाज न चढवता "सिस्टर, हब पुसायचं राहिलं" एवढं म्हणा.

ड्रेसिंगचा कोपरा उचलला, आत ओल आली, टाक्याजवळ लाली किंवा पू दिसला, लाइन बाहेर आल्यासारखी लांब वाटली, तर लगेच सांगा. पहिल्या दिवशी बाहेरच्या भागाची लांबी मोजून वहीत लिहून ठेवा, नंतर तुलना करता येते. खोलीत कात्री ठेवू नका, टेप कापायलासुद्धा. आंघोळीआधी आणि झोपताना लाइन कपड्याच्या आत शर्टाला अडकवा, बाजेच्या दांड्याला कधीच नाही. पिक लाइनच्या हातावर बीपी घ्यायचं नाही.

अपघात झालाच तर: टोपण निघालं किंवा नळी चिरली, तर मुलाच्या अंगाच्या बाजूला, चिरेच्या अलीकडे क्लॅम्प लावा. क्लॅम्प नसेल तर नळी दुमडून घट्ट धरा, मग बेल वाजवा आणि हाकही मारा. लाइन उपसून आली तर स्वच्छ गॉजने भोकावर दाबून धरा आणि सोडू नका. प्लेटलेट कमी असतात, रक्त थांबायला वेळ लागतो. पंपाचा अलार्म वाजला तर हात दुमडलाय का, नळी अंगाखाली आलीय का ते बघा. पण पंपाची बटणं स्वतः दाबायची नाहीत.

ताप

३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. काउंट शून्य असताना पू होत नाही, सूज येत नाही, खोकलाही नसतो. ताप हीच एक खूण असते, कधीकधी तीही नसते. मूल नुसतं निपचित पडतं, हातपाय गार पडतात. ताप आल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं म्हणून युनिट धडपडत असतं. ती घड्याळाची वेळ तुम्ही सांगितल्यापासून सुरू होते.

थर्मामीटर काखेत लावायचा, गुदद्वारात कधीच नाही. तिथून गोळीही द्यायची नाही. आपणहून पॅरासिटामॉल द्यायचं नाही, ताप झाकला जातो. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन तर अजिबात नाही, प्लेटलेटचं काम बिघडतं. लाइन फ्लश केल्यावर, म्हणजे सिरिंजने धुतल्यावर, थोड्याच वेळात हुडहुडी भरली, तर "लाइनमधून औषध गेल्यावर थंडी वाजली" हे वाक्य वेळेसकट सांगा. डॉक्टरांना त्यावरून लाइनच्या इन्फेक्शनचा सुगावा लागतो.

वजन, पोट, लघवी

केमोनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत यकृताच्या बारीक शिरा तुंबण्याचा धोका असतो. वॉर्डात त्याला व्हीओडी किंवा एसओएस म्हणतात. थॅलेसेमियाच्या मुलांच्या यकृतात आधीच लोह साठलेलं असतं, त्यामुळे त्यांना हा धोका जास्त. तो सगळ्यांत आधी वजनात दिसतो. रोज सकाळी आणि संध्याकाळी, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत वजन करा. २० किलोच्या मुलाचं दोन-तीन दिवसांत किलोभर वाढलं, म्हणजे पाच टक्के, तर मूल गुटगुटीत होतंय असं समजू नका, अंगात पाणी साठतंय. पोटाचा घेर बेंबीच्या पातळीवर मोजा. पहिल्या दिवशी दोन्ही कुशींवर पेनने खूण करून ठेवली की टेप रोज त्याच जागी बसते. उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे होणं, प्लेटलेट चढवूनही न टिकणं, हे त्याच्याच जोडीने येतं.

आत-बाहेरचा हिशोब लिहिताना "अर्धा कप" चालत नाही. पहिल्या दिवशीच सिरिंजने पाणी भरून मुलाचा कप, वाटी, चमचा किती मिलीचा ते मोजून घ्या. लघवी मापाच्या भांड्यात. डायपर असेल तर कोरड्याचं वजन वजा करा, एक ग्रॅम म्हणजे एक मिली. दर किलोला दर तासाला एक मिली हा ढोबळ हिशोब, म्हणजे २० किलोच्या मुलाची दिवसात ४८० मिलीच्या खाली गेली तर सांगायचं. सलाईन जोरात चालू असताना ती याहून बरीच जास्त असायला हवी.

जेवण

नीट शिजवलेलं, ताजं, गरम, तासाभरात संपवलेलं. कुकरच्या तीन शिट्ट्यांमधला मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, रव्याची पेज, उकडलेला बटाटा, पूर्ण घट्ट शिजलेलं अंडं. बाहेरून डबा चालत असेल तर तो बनवणाऱ्याला पुढचं सगळं वाचून दाखवा.

आपल्या स्वयंपाकात चूक कुठे होते? वरून भुरभुरलेली कोथिंबीर, ओलं खोबरं, जेवताना वरून घातलेला मसाला किंवा जिरेपूड, चटणी, लोणचं, घरी विरजलेलं दही, ताक. मसाल्यांत बुरशीचे बीजाणू असतात, म्हणून मसाला पदार्थासोबत शिजलाच पाहिजे. फोडणी आधी, वरून काही नाही. कच्चे शेंगदाणे, बेदाणे, उसाचा रस, बर्फ, बेकरीतलं क्रीम बंद. फळ जाड सालीचं, धुऊन, तुम्ही स्वच्छ हातांनी सोललेलं, तेही युनिट हो म्हणेल तेव्हा. दूध उकळलेलं किंवा टेट्रा पॅकचं, उघडल्यावर उरलेलं ठेवायचं नाही. पाणी उकळलेलं.

तोंड आलेलं असताना मूल जेवणार नाही. चमचा घेऊन मागे लागू नका, उलटी होते आणि पुढे महिनाभर ताट बघितलं तरी रडतं. नाकातून नळी किंवा शिरेतून पोषण ही डॉक्टरांची तजवीज आहे, आईची हार नाही. एक घोट पाणी गिळला तरी त्या दिवसाला पुरे. चव परत यायला आठवडे जातात. कधीकधी मिठाची पेज गोड खिरीपेक्षा आधी जाते.

औषध पाजणं

इथे रोज लढाई होते. एकच माणूस, एकच वेळ, एकच जागा. "कोणतं आधी, पांढरं की पिवळं?" असं निवडायला द्या, "घेतोस का?" असं विचारू नका. औषध पूर्ण जेवणात मिसळू नका, ताट अर्धं राहिलं तर डोसही अर्धा गेला. कॅप्सूल फोडायची किंवा गोळी कुटायची तर आधी विचारा, काहींचा परिणाम बदलतो. उलटी झाली तर औषधानंतर किती मिनिटांनी ते सांगा, पुन्हा द्यायचं की नाही हे सिस्टर ठरवेल.

सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस ही सर्वांत जपायची औषधं. डोनरच्या पेशींनी मुलाच्या अंगावर हल्ला करू नये म्हणून ती असतात. बारा-बारा तासांनी, घड्याळ लावून. लेव्हल, म्हणजे रक्तातलं या औषधाचं प्रमाण, तपासायच्या दिवशी सकाळचा डोस रक्त काढल्यावरच द्यायचा. आधी दिला तर आकडा खोटा जास्त येतो, डोस चुकीचा कमी होतो, आणि ती चूक जीव्हीएचडीच्या, म्हणजे डोनरच्या पेशींच्या याच हल्ल्याच्या, रूपाने बाहेर पडते. पपनस आणि ग्रेपफ्रूट पूर्ण बंद, त्यांनी लेव्हल चढते. डोकं दुखतंय, अंधुक दिसतंय, बीपी वाढलंय, हात थरथरताहेत, हे ऐकलं की थांबू नका, पुढे फिट येऊ शकते.

प्रतिकारशक्ती वाढवायला गुळवेल, काढा, कुठली पावडर, असं कोणीतरी प्रेमाने आणून देतंच. या घडीला डॉक्टर मुद्दाम प्रतिकारशक्ती दाबून ठेवताहेत. हे त्या माणसाला समजावून सांगा आणि पुडी घरी पाठवा.

रक्त आणि प्लेटलेट

बाबांचं बाहेरचं सर्वांत मोठं काम हे. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, त्याही सतत हलवत ठेवून. त्यामुळे एकाच दिवशी वीस मित्र आणून उपयोग नाही. वहीत रक्तगट, फोन, मागच्या दानाची तारीख असे रकाने आखा आणि रोज दोघे तयार ठेवा. मशीनवर प्लेटलेट द्यायला, म्हणजे एसडीपीला, साधारण तास-दीड तास लागतो. डोनरने आधी हलकं खाऊन यायचं, तेलकट नको, आणि तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेलं नसावं. ट्रान्सप्लांटनंतर मुलाला चढणारं रक्त आणि प्लेटलेट इरॅडिएट केलेलंच, म्हणजे किरणांनी प्रक्रिया केलेलंच, हवं. पिशवीवरचं लेबल तुम्हीही वाचा. "माझंच रक्त घ्या" असा हट्ट आई-बाबांनी धरू नये. जवळच्या नातेवाइकांचं रक्त या मुलांना धोक्याचं ठरतं. डोनरचा रक्तगट वेगळा असेल तर मुलाचा गट हळूहळू बदलतो. मधल्या काळात कोणता गट चढवायचा ते ब्लड बँक ठरवते, जुन्या कार्डावर जाऊ नका.

पैशांसाठी वैद्यकीय समाजसेवकाला दाखल होण्याआधीच भेटा. कोल इंडियाच्या निधीतून चालणारी थॅलेसेमिया बाल सेवा योजना ठरावीक रुग्णालयांत १० लाखांपर्यंत मदत करते. मुंबई महापालिकेचं बोरिवलीचं केंद्र खास थॅलेसेमिया आणि बीएमटीचं आहे. मुख्यमंत्री आणि पंतप्रधान साहाय्य निधीला रुग्णालयाचं खर्चाचं पत्र लागतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आहे, त्याचं प्रमाणपत्र काढून ठेवा.

मुलाचं मन

खिडकीबाहेरचं जग बंद, अंगाला नळ्या, रोज टोचणं. मूल चिडतं, मारतं, बोलणं बंद करतं, कधी सुटलेली शय्यामूत्राची सवय परत येते. हे सगळं होतं. खोटं बोलू नका. "नाही दुखणार" म्हणून टोचलं की पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास उरत नाही. "दुखेल, दहा आकडे मोजू, मग संपेल" असं सांगा आणि खरोखर दहाच मोजा.

दिवसाला आकार द्या: दात, आंघोळ, अभ्यास, खेळ, आजीचा फोन, गोष्ट. भिंतीवर दिवसांचा तक्ता लावा, रोज एक चौकोन त्यानेच रंगवायचा. दिवसातून दोनदा खुर्चीत बसवा, खोलीत चालवा, फुगे फुंकायला किंवा स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचं खेळणंवजा यंत्र) ओढायला लावा. पडून राहिलं की छातीत कफ साठतो. औषध, सुई, आंघोळ यांत त्याला निवडायला काही नसतं, म्हणून कपडे, गोष्ट, गाणं त्याच्या मनाने होऊ द्या. आणि तुम्हाला रडू आलं तर दहा मिनिटं बाहेर जाऊन रडा, दुसरा माणूस त्यासाठीही हवा.

काउंट आल्यावर

आनंद होतो, पण नजर सैल सोडू नका. जीव्हीएचडी बहुतेकदा याच सुमारास डोकं वर काढतो. रोज आंघोळीच्या वेळी उजेडात तळहात, तळपाय, कान, मान बघा. खाज किंवा लाली आली की फोटो काढून तारीख टाका. शी हिरवट, पाण्यासारखी आणि वारंवार होऊ लागली तर ती मोजा आणि मापाच्या भांड्यात धरा. "पाच वेळा" यापेक्षा "पाच वेळा, ६०० मिली" याने डॉक्टरांना जास्त कळतं. डोळे पिवळे झाले तर सांगा.

साधारण महिन्याने कायमेरिझमची तपासणी होते, रक्तात डोनरच्या पेशी किती ते कळतं. शंभर टक्के आले नाहीत म्हणून लगेच खचू नका. थॅलेसेमियात मिश्र पेशी असूनही काही मुलं पुढे रक्ताशिवाय राहतात. एका आकड्यापेक्षा ओळीने आलेले आकडे कुठे झुकताहेत ते महत्त्वाचं.

बाहेरची खोली

डिस्चार्ज म्हणजे घरी नव्हे, साधारण शंभराव्या दिवसापर्यंत रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या अंतरात राहायचं. खोली शोधताना भिंतीला ओल आहे का, शेजारी बांधकाम चालू आहे का, खिडकीत किंवा एसीच्या पेटीवर कबुतरं बसतात का हे बघा. कबुतरांची विष्ठा या मुलांच्या फुप्फुसांना घातक. झाडू मारून धूळ उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, आणि त्या वेळी मूल दुसऱ्या खोलीत. कुंड्या, पाळीव प्राणी, धूप-उदबत्तीचा धूर नको. बाहेर पडताना मास्क, गर्दीत जायचं नाही, गणपतीचे दिवस असले तरी.

घरात दुसरं लहान मूल असेल तर त्याला पोलिओचे थेंब देण्याआधी विचारा, त्याऐवजी इंजेक्शन देता येतं. कांजण्या किंवा गोवर झालेल्या कोणाशी संपर्क आला तर पुरळ येण्याची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. बचावाचं औषध ठरावीक तासांच्या आतच देता येतं. मुलाच्या जुन्या लसींचा असर गेलेला असतो, त्या पुन्हा पहिल्यापासून घ्यायच्या असतात. जिवंत लसी दोन वर्षांच्या आत नाहीत.

दाराजवळ एक पिशवी कायम भरलेली ठेवा: डिस्चार्ज कार्ड, औषधांची यादी वेळेसकट, शेवटचे रिपोर्ट, लाइनचा जास्तीचा क्लॅम्प, कपड्यांचा एक जोड, रोख पैसे, वॉर्डाचा नंबर कागदावर लिहून. रिक्षावाल्याचा किंवा शेजारच्या गाडीवाल्याचा नंबर त्याच कागदावर. रात्री दोन वाजता थर्मामीटरने ३८ दाखवलं तर पुन्हा तासाभराने बघू असं करायचं नाही. वॉर्डला फोन लावायचा, पिशवी उचलायची आणि निघायचं.